गोळ्यांचा वानवळा

"हे औषध कुणाबरोबर वाटून घ्यायचं नाही," असं पोंक्षे मॅडम म्हणाल्या, तेव्हा मला हसू आलं होतं.

औषध कोण वाटून घेतं? तो काय प्रसाद आहे? मी तसं बोलूनही दाखवलं. पोंक्षे मॅडम हसल्या नाहीत. पुण्यातल्या त्या हॉस्पिटलात ट्रायलची सगळी व्यवस्था त्या बघत, आणि त्या कामात हसणं बसत नसावं. त्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा सावकाश म्हटलं आणि पुढे गेल्या. ताप आला किंवा अंगावर पुरळ दिसला तर त्याच दिवशी फोन करायचा. सहा महिन्यांच्या गोळ्या एकाच बाटलीत मिळतील, ती दर महिन्याला आणायची, उरलेल्या गोळ्या मोजल्या जातील. अर्ध्या मुलांना खरं औषध मिळेल आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी साखरेची गोळी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही माहीत नसेल. सहा महिन्यांनी मात्र सगळ्यांनाच खरं औषध.

मी बी.एस्सी. आहे, केमिस्ट्री घेऊन. मी मान हलवत होते. लक्ष सगळं शौर्यकडे होतं. तो खुर्चीचा पाय धरून उभा होता आणि त्याचा डावा डोळा बारीक फडफडत होता. फिट येण्याआधी तसं व्हायचं.

शौर्य माझा मुलगा, तेव्हा पाच वर्षांचा. त्याच्या मेंदूत गाठी आहेत, जन्मापासून. आजाराच्या नावात ट्युबरस असा शब्द येतो. त्याचा टीबीशी काही संबंध नाही, हे मी आमच्या येडगावात इतक्या जणांना सांगितलं की शेवटी नाव सांगणंच बंद केलं. गाठी कॅन्सरच्या नाहीत, पण त्यांच्यामुळे फिट येतात. त्यातली एक गाठ मेंदूतलं पाणी जिथून वाहून जातं त्या वाटेच्या तोंडाशी बसली आहे, आणि दर स्कॅनला ती थोडी मोठी दिसायची. वाट बुजली तर डोकं उघडायला लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. कॅन्सरच्या गाठींची वाढ रोखणारं एक औषध या गाठींनाही रोखतं का, हे त्यांना बघायचं होतं. मलाही.

घरी आल्यावर मी सगळं समजावून सांगितलं.

"कॅन्सरचं औशद?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव साळुबाई, मी त्यांना आत्या म्हणते. "आपल्यात कुणाला झालाय कॅन्सर?"

"तसं नाही आत्या. तेच औषध या आजाराला चालतं का, ते बघायचंय."

"न चालायला काय झालं," सासरे म्हणाले. चांगदेवनाना. आमची शेती धरणाच्या पाण्यावरची, टोमॅटो आणि द्राक्ष. नानांच्या बोलण्यात शेवटी सगळं फवारणीवर येतं. "मी टोमॅटोच्या करप्याचं औशद द्राक्षाला मारलंय की. कंपनीचा माणूस नाय म्हणत व्हता. बाग वाचली. मग त्योच लोकांना सांगत फिरला."

साखरेच्या गोळीचं त्यांना कसं समजावायचं, याची मला काळजी होती. ती फुकट गेली.

"म्हंजी कोरडी ओळ," नाना म्हणाले. "कंपनीवाले नवीन औशद दावाया येत्यात तवा एक ओळ बिनफवाऱ्याची सोडत्यात. त्याबिगर कळणार कसं, औशदानं काम केलं का पावसानं?"

माझे मिस्टर, सुदर्शन, जेवता जेवता म्हणाले, "मग नाना, त्या कोरड्या ओळीचं पुढं काय करता?"

"उपटून टाकतो," नाना म्हणाले, आणि चूळ भरायला बाहेर गेले.

सहा महिन्यांनी सगळ्यांनाच खरं औषध मिळणार आहे, हे मी त्यानंतर सांगितलं. पण तोवर आत्या उठल्या होत्या आणि भांडी वाजत होती.

*

पहिल्या तपासणीला आम्ही हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बसलो होतो. समोर भिंतीला टेकून एक म्हातारा खाली फरशीवर बसलेला, डोक्याला लाल पटका. खुर्च्या रिकाम्या होत्या. त्याने नानांकडे बघितलं, नानांनी त्याच्याकडे.

"पाटील? तुमी हितं?"

"सोमाजी? तू हितं?"

सोमाजीबाबांची मेंढरं आमच्या रानात बसतात. पारगावच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आहे, पण घरात ते पावसाळ्यापुरतेच असतात. बाजरी निघाली की त्यांचा कळप आमच्या रानात येतो, मेंढरांच्या लेंड्यांनी रान खतावतं, आणि दिवाळी झाली की ते माळशेज उतरून कोकणात जातात. नानांच्या वडलांपासून हे चाललंय. एवढ्या वर्षांत दोन्ही घरांनी एकमेकांना शेतातच पाहिलेलं. पुण्याच्या हॉस्पिटलात, ट्यूबलाइटखाली, दोघांनाही काय बोलावं कळेना. नाना म्हणाले, "पाऊस कसाय तिकडं?" सोमाजीबाबांनी आमच्या शेजारच्याच गावचा पाऊस सांगितला.

त्यांच्यासोबत त्यांची सून होती, अंजना, आणि तिची मुलगी दिशा. दिशाही पाच वर्षांची. तिच्या डाव्या दंडावर पांढरा चट्टा होता, लांबट, पानासारखा. तसाच शौर्यच्या पोटावर आहे. या आजारात असतात तसे.

"आमच्यात असल्या मेंढराला बांडं म्हंत्यात," सोमाजीबाबा म्हणाले. "बांडं लई काटक असतंय, वैनी. घाबरू नका."

हा आजार हजारो मुलांत एखाद्याला होतो. एकाच भागातली दोन मुलं बघून डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही नातेवाईक आहात का?" दोन्ही घरांनी एकदम "नाय नाय" केलं. जरा जास्तच जोरात झालं ते.

त्यानंतर पुण्याला आम्ही एकाच एस.टी.नं जायला लागलो. नारायणगावच्या स्टँडवर अंजना आधी येऊन जागा धरायची. मुलं खिडकीशी शेजारी बसायची आणि चाकणच्या आत दोघंही झोपलेली असायची, एकमेकांवर कलंडून. अंजना चौथीपर्यंत शिकलेली, पण माझ्यापेक्षा सरळ विचारायची.

"वैनी, तुमी शिकल्यालं हायसा. बघून कळत नाय व्हय? खरी कुणाची आन् खोटी कुणाची?"

"नाही कळत. कळू नये म्हणूनच तशा केल्यात."

"लई कष्ट घेतल्यात मग," अंजना म्हणाली.

*

पहिला महिना संपता संपता शौर्यचं तोंड आलं, आणि घरात आनंद झाला.

या औषधानं तोंड येऊ शकतं, असं पोंक्षे मॅडमनी सांगितलं होतं. साखरेच्या गोळीनं कुणाचं तोंड येत नाही. शौर्यच्या ओठाच्या आत आणि जिभेखाली पांढरे फोड आले, त्याला दूधसुद्धा झोंबायला लागलं, आणि आत्यांनी गूळखोबरं वाटलं. शौर्यला ते खाता आलं नाही. नाना बाजारात जाऊन दोन-चार जणांना सांगून आले, "नातवाचं तोंड आलंय." लोकांनी विचारलं असणार, त्यात सांगण्यासारखं काय. नानांनी काय उत्तर दिलं माहीत नाही.

फिट कमी झाल्या. आधी दिवसाआड यायची, मग आठवडा कोरडा गेला. मी त्याच्या डोळ्याकडे बघत बसायचे आणि तो नुसताच डोळा असायचा. एकदा तो मला म्हणाला, "आई, तू काय बघते?" एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदा बोलला होता. मी म्हणाले, "काही नाही, तुझं नाक बघते." त्याने नाक झाकलं.

दिशाचं तोंड येत नव्हतं. तिची आजी, गजराबाई, रोज सकाळी तिला उन्हात उभी करून तोंड उघडायला लावायची. "आ कर." दिशा आ करायची. "नाय आलं," गजराबाई म्हणायची आणि कामाला लागायची. दिशाला फिट पूर्वीसारख्याच येत होत्या. मेंढरांमागे चालता चालता पडायची, म्हणून अंजनानं तिच्या डोक्याला जुन्या घोंगडीची चुंबळ बांधली होती.

सोमाजीबाबांनी मात्र आपल्या परीनं तपास केला. डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं की औषध आधी प्राण्यांवर तपासलंय. कोणत्या, ते सोमाजीबाबांनी विचारलं होतं. उंदरांवर, म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला होता. सप्टेंबरात मेंढरं आमच्या रानात आली तेव्हा ते मला म्हणाले, "वैनी, एक गोळी एडक्याला दिली."

"का?"

"उंदराचं काय सांगत्यात? मेंढराला कळतं. पण त्याचं बी तोंड नाय आलं."

"बाबा, एका गोळीनं काही कळत नाही."

"मग आजून देऊ?"

"नको!"

"तेच म्हनलं, इचारून घ्यावं," ते म्हणाले. "आमची साखर हाय, वैनी. आमाला कळलंय. एडक्यानं गोळी मिटक्या मारत खाल्ली."

*

पुढचं नीट कळायला आमच्याकडची एक रीत माहीत असायला हवी. शेतात नवं काही निघालं की त्यातलं थोडं शेजारी, सोयऱ्यांकडे, रानात बसलेल्या मेंढरंवाल्यांकडे पाठवायचं. त्याला वानवळा म्हणतात. वानवळा ज्या भांड्यातून येतो ते भांडं रिकामं परत करायचं नाही. त्यात आपल्याकडचं काहीतरी घालायचं, आणि आलं त्याहून कमी घालायचं नाही. आमच्या घरात एक झाकणाचा स्टीलचा डबा या एकाच कामाला आहे. तो सतत कुणाच्या तरी घरून येत असतो नाहीतर कुणाच्या तरी घरी जात असतो.

भुईमूग निघाला तेव्हा आत्यांनी शेंगा भरून तो डबा गजराबाईकडे नेला. मी बघितला होता, वरपर्यंत शेंगा होत्या. दोन दिवसांनी डबा परत आला, त्यात शेळीच्या चिकाचा खरवस. सोबत एक चिंधीची गाठोडी होती. मला वाटलं, त्यांच्या देवाचा अंगारा असेल. आत्यांनी ती आत नेली.

त्यानंतर शौर्यचं तोंड बरं झालं. मला पहिल्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी भीती वाटली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवताना त्याचा डोळा फडफडला आणि तो ताटावर पडला. मग पुन्हा पूर्वीसारखं सुरू झालं. औषधाचा गुण संपला, असं मी धरून चालले. पुण्याला गेले तेव्हा पोंक्षे मॅडमनी बाटलीतल्या गोळ्या ट्रेवर ओतून मोजल्या. बरोबर भरल्या. "छान," त्या म्हणाल्या. "इतक्या व्यवस्थित फार कमी लोक घेतात."

दिशाच्याही बरोबर भरल्या. एडक्याची तेवढी एक कमी होती. ती वाटेत सांडली, असं अंजना म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस अंजना रानातून पळत आमच्या अंगणात आली. पदर सुटलेला. मला वाटलं दिशाला काही झालं.

"वैनी, आलं! दिशाचं तोंड आलं!"

मी तिला मिठी मारली. आम्ही दोघी अंगणात अक्षरशः नाचलो. मग ती म्हणाली, "पाटलीणबाईचं लई उपकार," आणि मी नाचायची थांबले.

आत्या ओट्यावर करंज्यांचं पीठ मळत होत्या.

"आत्या, तुम्ही दिशाला गोळ्या दिल्या?"

"वानवळा दिला."

"औषधाचा?"

"शेंगांचा. औशद खाली व्हतं."

"किती दिलंत?"

"निम्मं. वानवळा काय सगळा देत्यात व्हय? आपल्याला ठिवून दिलं."

"आणि त्या चिंधीत काय आलं होतं?"

"त्यांच्या गोळ्या. जेवढ्या गेल्या तेवढ्याच. गजराबाई रीतीची बाई हाय, रिकामा डबा धाडील व्हय?"

"त्या कुठायत?"

"तुझ्याच बाटलीत वतल्या. पुण्याला मोजत्यात ना? कमी भरल्या असत्या तर तूच बोलणी खाल्ली असतीस."

मी खालीच बसले. म्हणाले, आत्या, अर्धं औषध दोघांनाही पुरत नाही. शौर्यला पुन्हा फिट येतायत, ते यामुळे.

आत्यांचा हात पिठात थांबला. "आर्धी भाकर पुरती की. आर्धं पोट तरी भरतं."

"औषधाचं तसं नसतं."

"मला काय म्हाईत कसं असतं," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "दोन लेकरं एका यष्टीत शेजारी बसत्यात. आपलं हसाया लागलं. ते मेंढरामागं पडतंय, उठतंय. माझ्या घशाखाली शेंगा उतरंनात, अश्विनी. आन् तुझा सासरा काय म्हनला? कोरडी ओळ उपटून टाकत्यात."

"आत्या, सहा महिन्यांनी तिलाही खरंच औषध मिळणार होतं. मी सांगितलं होतं."

"कवा?"

"त्याच वेळी. तुम्ही भांडी घासत होतात."

आत्यांनी पीठ बाजूला सारलं. "मग जरा मोठ्यानं सांगायचं व्हतंस."

*

मी बाटली रिकामी केली आणि गोळ्या वेगळ्या करायच्या मागे लागले. बी.एस्सी.चा पहिलाच प्रत्यक्ष उपयोग. एक पाण्यात टाकली, दुसरी व्हिनेगरमध्ये. उजेडात धरल्या. दोन-तीन जिभेवर ठेवल्या. सगळ्या सारख्याच पांढऱ्या, सारख्याच विरघळणाऱ्या, सारख्याच किंचित गोड. अंजना म्हणाली होती तसं, लई कष्ट घेतलेले होते. सुदर्शन दारात उभे राहून बघत होते. "तू खाऊन टाकू नको म्हणजे झालं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रानात गेले. अंजनाला सांगणार होते की गोळ्यांची सरमिसळ झाली आहे, तुझ्या बाटलीतही आणि माझ्याही, आणि आता कुणाला किती औषध जातंय ते देवालाही सांगता येणार नाही. मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या जाळ्याजवळ दिशा बसली होती. डोक्याची चुंबळ तिच्या मांडीवर होती आणि त्यात एक कोकरू. ती त्याला आ करायला सांगत होती.

"बारा दिस झालं," गजराबाई म्हणाली. "पडली न्हाई."

मी अंजनाला सगळं सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग तिने विचारलं, "म्हंजी बंद करू?"

मी दिशाकडे बघितलं. "पुढच्या तपासणीला मी मॅडमना सगळं सांगते," मी म्हणाले. "तोवर…"

"तोवर चालू ठिवते," अंजना म्हणाली.

गजराबाईने चहा दिला.

भाऊबीजेला अंजना दिशाला घेऊन घरी आली. दिशाने शौर्यला ओवाळलं. ताटातला दिवा विझेल म्हणून तिने हात आडवा धरला होता, आणि शौर्यने ओवाळणी म्हणून तिला आपला लाल स्वेटर काढून दिला. आम्ही कुणी शिकवलं नव्हतं. तिने तो लगेच घातला. आत्यांनी करंज्या भरून डबा दिला. दोघं दिवसभर पडवीत एका ताटात जेवली, एका चादरीत लोळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेंढरं निघाली. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर पाटीत कोंबड्या, आणि कोंबड्यांच्या वर दिशा. अंजना म्हणाली, तपासणीच्या दिवशी मी खालनं यष्टीनं पुण्याला येते. दिशाचे वडील सोमनाथभाऊ, त्यांच्याकडे मोबाईल होता. घाटाखाली रेंज नसते, आणि चार्जिंग टपरीवर करावं लागतं, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

मेंढरं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शौर्यच्या छातीवर पाण्याचे फोड दिसले. सकाळपर्यंत पाठीवर, पोटावर, डोक्यात.

"कांजिण्या," मी म्हणाले.

"नाव घिऊ नको. देवी आलीया," आत्या म्हणाल्या, आणि लिंबाचा डहाळा आणायला निघाल्या. आमच्याकडे अशा वेळी डॉक्टरांकडे जात नाहीत. पाहुणी आलीय, ती आपल्या पायानं जाईल, असं म्हणतात. बहुतेक वेळा जातेही.

पण हे औषध शरीराची लढायची ताकद कमी करतं. पुरळ दिसला तर त्याच दिवशी फोन, हे मी विसरले नव्हते. मी फोन केला, आणि दुपारी आम्ही हॉस्पिटलात होतो. शौर्यला स्वतंत्र खोलीत ठेवलं, सुईतून औषध सुरू केलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या नियमित चालू होत्या?"

मी सगळं सांगितलं. शेंगांपासून.

"वानवळा म्हणजे?" पोंक्षे मॅडमनी विचारलं.

मी समजावलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. भांडं रिकामं परत करत नाहीत, हेही लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "पेशंट औषध दुसऱ्याला देतात, हे मी ऐकलंय. समोरून तेवढ्याच साखरेच्या गोळ्या परत आल्या, हे पहिल्यांदाच."

"आत्यांच्या मते रीतच तशी आहे," मी म्हणाले.

"मोजल्या मीच होत्या," पोंक्षे मॅडम म्हणाल्या. कुणाला असं नाही, भिंतीला.

डॉक्टरांनी सीलबंद नोंद उघडून घेतली. आम्हाला जे कळलं होतं तेच निघालं. शौर्यला खरं औषध, दिशाला साखर. एडका बरोबर होता. मी ट्रायलमधून हाकलले जाईन, असं धरून बसले होते. डॉक्टर म्हणाले, आकडेवारीत आता या दोघांना धरता येणार नाही. पण शौर्य बरा झाला की त्याचं औषध पुन्हा सुरू करू, आणि दिशालाही सुरू करू, नीट, रक्त तपासून, देखरेखीखाली.

"पण आधी ती मुलगी कुठाय ते सांगा," ते म्हणाले.

मी सांगितलं, एव्हाना माळशेज उतरली असेल, आणि भाऊबीजेचंही सांगितलं. ते एकेक करून समजावायला लागले. भाऊबीजेच्या दिवशी शौर्यच्या अंगात कांजिण्या होत्याच, फोड तेवढे दिसत नव्हते. दिशा दिवसभर त्याच्यासोबत होती. तिला निघायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. आणि ती अजून त्या सरमिसळ गोळ्या घेत असेल. अशा मुलाला कांजिण्या छातीत उतरू शकतात. फोड दिसले, ताप आला, की गोळ्या बंद आणि त्याच दिवशी हॉस्पिटल. खरं तर गोळ्या आत्ताच बंद करायला हव्यात. हॉस्पिटलच्या कागदांवर दिशा साखरेच्या गोळीवर होती. तिच्या पोटात औषध आहे, हे आमच्या दोन घरांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. फोड दिसले तर गजराबाई लिंबाचा डहाळा बांधेल आणि पाहुणीची वाट बघेल.

सुदर्शन मोटारसायकलवर मढपर्यंत गेले. कळप दोन दिवसांपूर्वी पुढे गेला होता. घाटमाथ्यावरच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं, "दोन कळप उतरले, राव. लाल पटकेवाला म्हातारा दोनीत व्हता." खाली वाटा फुटतात. ते टोकावड्यापर्यंत जाऊन आले, मग गाडीची चेन तुटली. सोमनाथभाऊंचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. फोनमधली बाई ते तीन भाषांत सांगते. तपासणीचा दिवस आला. मी पॅसेजमध्ये सगळ्या खुर्च्या सोडून समोरच्या भिंतीपाशी जाऊन बसले. अंजना आली नाही.

शौर्यच्या खपल्या धरल्या आहेत. आत्या त्याच्या उशाशी बसून असतात आणि कुणालाही काही देत नाहीत. काल शेजारची बाई वाटीभर विरजण मागायला आली तर म्हणाल्या, "आदी डॉक्टरला इचारते."

नाना रोज संध्याकाळी मला विचारतात, "कोरडी ओळ कुठवर गेली?" त्यांना दिशाच म्हणायचं असतं.

सुदर्शन उद्या पुन्हा जाणार आहेत. मी शौर्यला सोडून जाऊ शकत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगते आहे. तुम्ही माळशेज उतरून मुरबाडकडे, शहापूरकडे, कल्याणकडे कुठेही जात असाल आणि कापलेल्या भाताच्या रानात मेंढरं बसलेली दिसली, तर गाडी थांबवा. लाल पटक्याच्या म्हाताऱ्याला सोमाजी म्हणून हाक मारा. कुत्री भुंकतील, चावत नाहीत. लाल स्वेटरमधली पाच वर्षांची मुलगी विचारा, डाव्या दंडावर पानासारखा पांढरा चट्टा आहे. स्वेटर तिला आखूड होतो. अंजनाला सांगा, गोळ्या आजपासून बंद, अश्विनीवैनीनं सांगितलंय, आणि दिशाचं खरं औषध पुण्यात तिच्या नावानं ठेवलेलं आहे. डबा परत करायचा असेल तर रिकामा करावा. मग दिशाच्या कपाळाला हात लावून बघा. छातीवर, पाठीवर पाण्याचे फोड आहेत का बघा. असतील तर देवीचं नाव कुणी काढू दे, तुम्ही तिला आणि तिच्या आईला गाडीत घ्या आणि मोठ्या हॉस्पिटलात न्या, आणि कॅन्सरचं औषध पोटात आहे हे सगळ्यात आधी सांगा. नसतील तर तोंड बघा. नुसतं आ कर म्हणा. ती करते, तिला सवय आहे.